फाटकापाशी थांबणारी शिंगी

आक्काला सगळे आक्काच म्हणायचे. भाऊ म्हणायचा म्हणून वहिनी, वहिनी म्हणायची म्हणून दूधवालासुद्धा. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला परत आली, तेव्हा तिच्या जुन्या खोलीत पेंडीची पोती रचलेली होती. भावाने ती लगबगीने हलवली, वहिनीने नवी चादर घातली. कुणी काही कमी केलं नाही. पण जेवताना नेमकं कुठे बसायचं हे तिला कळेना आणि विचारायची लाज वाटे. शेवटी तबेल्याला लागून असलेल्या खोलीत तिने आपलं बिऱ्हाड हलवलं आणि घोड्यांचीच होऊन गेली.

घोडे जुन्या वाणाचे होते. बुटके, रुंद छातीचे, आयाळ अशी दाट की कंगवा मोडावा. पूर्वी गाड्या ओढायला घरोघरी असायचे, आता शोधून सापडत नाहीत. भावाच्या कुरणात मोजक्या घोड्या उरल्या होत्या. त्यांतल्या थोरलीची पोर शिंगी, तांबूस रंगाची, भावाने लांबच्या घोडेस्वारीच्या शाळेत शिकायला धाडली होती. ती शाळाच बंद पडली आणि शिंगी घरी निघाली.

ट्रक आला तेव्हा भाऊ-वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलेले. आक्काने एकटीनेच फळी लावून शिंगीला उतरवलं. पोर उंच झाली होती. आयाळ कातरलेली, अंगाला कसल्याशा साबणाचा वास. आक्काने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आलीस का गं बाई," एवढंच ती म्हणाली.

फाटक उघडताच शिंगी खिंकाळत सुटली ती थेट आईकडे. थोरलीने तिला हुंगलं, कान मागे पाडले आणि मानेला कडकडून चावली. बाकीच्या घोड्यांनी पाठ फिरवली.

ट्रकवाला पाणी पीत उभा होता. "पोटची पोर ना हो ती तिची?"

"पोटचीच. पण घरचा वास गेलाय तिच्या अंगाचा," आक्का म्हणाली. "त्याला कोण काय करणार?"

त्यानंतर शिंगी दिवसभर फाटकापाशी उभी राहू लागली. कळप वर चरे, ही खाली. पाणी प्यायला गेली की थोरली तिला हाकलून लावी. आक्काचा जीव तुटे. ती बादलीतून पाणी आणी, ओंजळीतून हरभऱ्याची चंदी चारी, खरारा करता करता तिच्याशी बोलत बसे. भावाने फोनवर सांगितलं की सरळ वेगळी बांध. आक्काने ऐकलं नाही. वेगळं राहिलेलं माणूस पुन्हा मिसळत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटत होतं. पावलांची चाहूल लागताच कुणीतरी मान वर करून तिच्याकडे बघत होतं. कैक वर्षांत तिची अशी वाट कुणी पाहिली नव्हती.

एका दुपारी कळप अगदी फाटकाजवळ चरत आला. शिंगीने कान टवकारले, दोन पावलं टाकली. तेवढ्यात तिला आक्का दिसली आणि ती मागे फिरून आक्काच्या खांद्यावर नाक घासू लागली. आक्काने तिला हलकेच बाजूला सारलं. पोरीला अडवून धरलंय ते थोरलीने नाही, आपणच.

दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाकडे फिरकली नाही. शिंगी हाका मारी. आक्का खिडकी लावून घेई, धान्य निवडायला बसे आणि निवडलेलं पुन्हा निवडे. फोन आला तेव्हा भावाला म्हणाली, "तिची चिंता करू नकोस. बाळंतिणीकडे लक्ष दे."

उकाडा वाढला, माशांनी उच्छाद मांडला. चारा टाकायला मागच्या वाटेने गेलेली आक्का कुंपणाआड थबकली. घोड्या जोडीजोडीने उलटसुलट उभ्या होत्या, एकीची शेपटी दुसरीच्या तोंडावरच्या माशा वारत होती. म्हातारी एकाक्ष घोडी नेहमी जोडीवाचून राहायची. आज तिच्या शेजारी शिंगी होती. थोरली जवळून गेली, शिंगीची मान हुंगली आणि चरायला लागली.

आक्काने चारा टाकला. शिंगीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि पुन्हा शेपटी हलवू लागली.

संध्याकाळी भावाने विचारलं, "रमली का गं?"

"रमली," आक्का म्हणाली. तो आणखी काही विचारेल म्हणून तिने फोन थोडा वेळ कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे बाळ रडत होतं, आणि भावाला घाई होती.