पाठीवरच्या फुल्या

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. या सेमिस्टरला शाळेतल्या आरोग्य तपासणीवर लिहायला सांगितलं, तेव्हा बाकीच्यांना विषय कंटाळवाणा वाटला. मला मात्र माझ्या शाळेच्या जिममधला तो निळा पडदा आठवला.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी सहावीत होते. बाबा एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करायचे, आई इंडियन स्टोअरमध्ये पोळ्या लाटायची. तपासणी साधीच होती. पडद्यामागे जाऊन शर्ट मागून वर करायचा, वाकायचं आणि पाठीचा कणा सरळ आहे का ते नर्स बघणार. माझ्या आधीच्या मुली हसतच बाहेर आल्या. मी वाकले. नर्सने माझा शर्ट हळूच खाली ओढला, मला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

त्याआधी काही दिवस माझी पाठ दुखत होती, म्हणून आईने बिब्बा लावला होता. गावाहून बॅगेत आणलेली ती काळी बी दिव्यावर गरम करायची आणि सुईने तिच्या तेलाच्या बारीक फुल्या दुखऱ्या जागी काढायच्या. माझ्या अंगावर बिब्बा उतला. फोड आले आणि मागे काळे डाग राहिले.

हे कुणी केलं, असं नर्सने विचारलं. आईने, असं मी सांगितलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि त्या मऊपणाचीच मला भीती वाटली. घरी जायची भीती वाटते का? नाही म्हटलं तरी ती लिहीतच राहिली. बिब्ब्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. 'सीड' म्हटलं, 'ऑइल' म्हटलं, 'हॉट' म्हटलं. शब्दागणिक मी आईला आणखी अडकवत होते. इथे मुलांना आईबापांपासून नेतात, हे मी ऐकलं होतं.

शाळेने बोलावलं तशी आई एप्रनवरच आली, हाताला पीठ तसंच. फोनवर हिंदी दुभाषी होती. तिलाही बिब्बा कळेना.

"सांग ना गं त्यांना, औषध आहे म्हणून."

"सांगितलं, आई. त्यांना कळत नाहीये."

मग आईने बाही वर केली. दंडावर तशाच फुल्या होत्या, जुन्या, फिकट. "माझ्या आईने काढल्यात," ती म्हणाली, "हात दुखायचा म्हणून."

मी ते इंग्रजीत सांगितलं. नर्सने त्या फुल्या जवळून पाहिल्या. समजतंय मला, ती म्हणाली, पण बाल संरक्षण खात्याला कळवावं तर लागेलच.

त्या खात्याच्या एक बाई घरी आल्या. फ्रिज उघडून पाहिला, माझ्याशी एकटीशी बोलल्या. काही आठवड्यांनी प्रकरण मिटलं. बिब्बे आईने केव्हाच कचऱ्यात टाकले होते.

नर्स वाईट नव्हती, असं आता वाटतं. तिच्या जागी मी काय केलं असतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा पाठ धरली. आईने बामची डबी माझ्यापुढे ठेवली. "तुझी तू लाव."

हात पोचत नाही, म्हटलं. ती जराशी घुटमळली. मग उठून तिने आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला.