कप्तान मरणार की हरवणार?

मंडळी, आज सकाळी मी अंतराळवीर झालो आणि दुपारपासून डोकं चालेना.

पूर्ण्याचा एक तरुण दिग्दर्शक अंतराळावर सिनेमा काढायलाय. यानाचा कप्तान म्हणून त्यानं मला निवडलं. का, तर म्हणे, "काका, तुमचा चेहरा पृथ्वीला कंटाळल्यासारखा वाटतो." एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

कप्तान मध्यंतराआधी मरतो. त्या सीनसाठी माझ्या फोटोला हार घालून पाहायला स्वारी घरी आली. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली.

"जित्या माणसाच्या फोटोला हार? काढा आधी तो!"

"काकू, काका फक्त सिनेमात मरायलेत."

"सिनेमातबी मरायचं न्हाई. दुसरा कुणी बघ."

पोरगं रडकुंडीला आलं. "सगळ्यांना विचारून झालं, काकू. घरोघरी हेच उत्तर हाय."

म्हणजे माझ्या चेहऱ्याचं कौतुक इथंच संपलं.

शेवटी तोड निघाली. कप्तान मरणार नाही, अंतराळात हरवणार.

"मग ह्यांना हुडकायला कोण जाणार?" बायकोनं विचारलं. "ह्यांना तर बाजारातून घरी यायचा रस्ता सापडत न्हाई."

दिग्दर्शक तिच्याकडं बघतच राहिला. दुसरं यान आता तीच चालवणार आहे. मध्यंतरानंतरचा अख्खा सिनेमा तिचा!

सध्या ती आरशासमोर संवाद पाठ करायलीय आणि मी कुकरकडं लक्ष ठेवायलोय. मंडळी, तुम्हीच सांगा, तिनं माझा जीव वाचवला की माझा रोल नेला?