आधी अंदाज सांगा

बाबांना प्रश्न विचारणं आमच्या गल्लीत अगदी सोपं होतं, उत्तर मिळवणं मात्र महाकठीण. गुजराती माध्यमाच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी कळवलंच नाही, असं आई म्हणायची. रविवारी सकाळी बडोद्याच्या फतेगंजातल्या आमच्या घराच्या ओटल्यावर हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या करकरायला लागल्या की माणसं जमायची. जवळच्या होस्टेलची मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, समोरच्या घरातल्या मासी. दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही? धावत्या गाडीत उडणारी माशी मागच्या काचेवर का आपटत नाही? शून्यानं भागलं तर कोणाचं काय बिघडतं? बाबा पायानं हिंचका थांबवायचे आणि म्हणायचे, "पहेलां तमे कहो, तमने शुं लागे छे?" आधी तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटतं. समोरच्यानं अंदाज सांगितला की पुढचा शब्द ठरलेला, "केम?" म्हणजे का. कारण देता आलं नाही तर तो अंदाज बाबा धरायचेच नाहीत, मग तो बरोबर का असेना. आणि मनात एक ठेवून तोंडदेखलं दुसरंच बोललेलं तर त्यांना चेहऱ्यावरूनच कळायचं.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचे. कारण उंबरा ओलांडून बाबा आत आले की गप्प. पेपर, जेवण, "जरा मीठ दे", संपलं. ओटल्यावर शब्दांची खैरात आणि घरात दुष्काळ. याचा मला राग होता, आणि अजून आहे.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश पडला. दवाखान्यात नेईपर्यंत उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. जीव वाचला. घरी आले तेव्हा तोंडातून एकच आवाज निघायचा, "तं... तं...". डोळ्यांत सगळं असायचं, तोंडात काही नाही. जे परत यायचं ते बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांतच येतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं कॅलेंडर मला शत्रू वाटायला लागलं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला घरी एक तरुण मुलगी यायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, हे कोणत्या भाषेत सगळ्यात जास्त बोलायचे? आई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, मराठी. त्यात तिचं काही चुकलं असं बडोद्यातलं कुठलंच मराठी घर म्हणणार नाही. आमचे पणजोबा संस्थानच्या नोकरीसाठी इथं आले. तेव्हापासून बाजारात गुजराती, शाळेत गुजराती, पण उंबऱ्याच्या आत मराठी, हा आमचा बाणा. मग सध्या तेवढी एकच भाषा ठेवा, गोंधळ नको, असं ती मुलगी म्हणाली.

आम्ही तर संचारबंदीच लावली. रविवारचा ओटला बंद झाला. टीव्हीवरच्या गुजराती बातम्या बंद झाल्या. होस्टेलच्या मुलांना मी फाटकातूनच परत पाठवायचे. मासींना मराठी येत होतं ते फक्त "बरं आहे का" एवढंच. त्या यायच्या, बरं आहे का विचारायच्या, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून पदराशी चाळा करत बसायच्या.

मकरपुऱ्याच्या कंपनीतून मी सुटले की बसमध्येच चित्रांची कार्डं चाळायचे, आज कोणती दाखवायची ते ठरवायचे. चमचा. घड्याळ. गाय. संत्रं आणि लिंबू घेऊन अख्खं ग्रहण समजावणारा माणूस, त्याच्यापुढे मी गाईचं चित्र धरून बसायचे. "म्हणा बाबा, गाय." "तं." "गा-य." "तं... तं..." मग ते डाव्या हातानं कार्ड उडवून लावायचे. एकदा मी ओरडले की निदान प्रयत्न तरी करा. ते रडायला लागले, आणि मग मीही. त्यातच नातेवाईकांचे सल्ले. कोणी शंख फुंकायला लावा म्हणे, कोणी मधात अक्कलकारा चाटवा म्हणे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. तरी मी शंख आणला, अक्कलकारा आणला, अहमदाबादच्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं. मला खरं तर चमचाही नको होता आणि गायही नको होती. त्यांनी मला एकदा हाक मारावी, एवढंच हवं होतं. एकेक महिना जात होता आणि माझा धीर सुटत चालला होता.

त्या रविवारी बाबांना आम्ही ओटल्यावर, हिंचक्यावरच बसवलं होतं, उजवीकडून लोड लावून. समोर खुर्चीवर मोठा आरसा टेकवला होता. ओठांचे व्यायाम आरशात बघून करायचे असतात. उजवीकडे उतरलेलं तोंड ते आरशात बघत होते आणि मी शेजारी बसून "आ करा, ई करा" चालवलं होतं. मासी विरजण मागायला आल्या. हातात वाटी घेऊन त्या बाबांच्या मागे उभ्या राहिल्या, आरशाकडे बघत राहिल्या, त्यांनी आपल्या नाकातल्या चमकीला हात लावला, आणि आमची संचारबंदी साफ विसरल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "आ अरीसो डाबुं-जमणुं ऊंधुं बतावे छे, तो उपर-नीचे केम नहीं?"

आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो, तर मग वर-खाली का नाही. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी डाव्या पायानं हिंचका थांबवला.

"पहेलां तमे कहो," बाबा म्हणाले. अडखळत, पण स्वच्छ. "तमने शुं लागे छे?"

मासींच्या हातातली वाटी खाली पडली. आई आतून धावत आली. मी बाबांचे खांदे धरले आणि मराठीत विनवायला लागले, परत बोला, मी इथं आहे, माझ्याशी बोला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तं," ते म्हणाले. "तं... तं...". मासींनी भीत भीत पुन्हा आरशाचं विचारलं, आणि पुन्हा तेच सबंध वाक्य आलं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. शंखापासून अहमदाबादपर्यंत सगळं पालथं घातलं, आणि कळसा समोरच्या घरात. तरीही आनंदापेक्षा मला संताप जास्त आला. बाबा जन्मभर ज्या भाषेत बोलले ती आम्ही बंद करून टाकली होती, आणि ज्या भाषेत ते गप्प बसायचे त्या भाषेत त्यांना बोलतं करायला निघालो होतो. आई त्या दिवशी जेवली नाही.

ओटला पुन्हा उघडला. मुलं आली, बँकेतले काका आले. प्रत्येकानं काहीतरी विचारलं आणि प्रत्येकाला ते वाक्य मिळालं. पण तेवढंच. लोक आपला अंदाज सांगायचे, "केम?"ची वाट बघत थांबायचे, आणि ते काही यायचं नाही. होस्टेलच्या एका मुलीनं तर आरशाचं कोडं सोडवून आणलं. आरसा डावं-उजवं उलटवतच नाही, तो पुढचं मागे करतो. आपणच मनातल्या मनात वळून पलीकडे जाऊन उभे राहतो आणि मग म्हणतो, हात बदलला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचे डोळे चमकले, आणि तोंडातून आलं "तं". व्यायाम घेणारी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, पाठ झालेली वाक्यं अशी आपोआप येतात, पाढे येतात ना तशी. त्यावरून फार आशा धरू नका. मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पुढे पुढे त्या वाक्याची मला भीतीच वाटायला लागली. लोकांना कौतुक वाटायचं, मला ते बंद दारासारखं वाटायचं.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी आई घडियाळी पोळात बाजाराला गेली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. बाबा हिंचक्यावर, मी खाली पायरीवर. आयुष्यात मी बाबांशी कधी गुजरातीत बोलले नव्हते. दुकानदाराशी बोलते, साहेबांशी बोलते, पण बाबांशी बोलायचं म्हणजे जीभ वळेना. परक्या माणसाच्या ओटल्यावर येऊन बसल्यासारखं वाटलं. तरी विचारलं, कारण इतक्या महिन्यांत मला विचारायचं होतं ते एवढंच.

"बाबा, तमे सारा थई जशो?"

तुम्ही बरे व्हाल ना. हिंचका थांबला.

"पहेलां तुं कहे," ते म्हणाले. "तने शुं लागे छे?"

'तमे'चं 'तुं' झालं होतं, तरी हे आपोआप आलेलं वाक्य आहे, मला ठाऊक होतं. मला तसं बजावलंही होतं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि ओटल्यावर बसलं की उत्तर द्यावं लागतं. 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. ते तोंडदेखलं होतं आणि त्यांना ते कळलं असतं.

"मने नथी लागतुं, बाबा," मी म्हणाले. नाही वाटत. बोलले आणि हुंदका आवरेना, म्हणून तोंडावर हात दाबून धरला.

बाबांचे ओठ हलायला लागले. उजवा कोपरा ओढला जाईना, डावाच थरथरत राहिला. पुन्हा तेच "तं" येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"केम?" बाबा म्हणाले.

हा शब्द आजारपणानंतर आजवर कोणाला मिळाला नव्हता. मी वर पाहिलं. ते पाय टेकवून, हिंचका धरून वाट बघत होते. मी कारणं शोधायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, ती व्यायाम घेणारी मुलगी काय म्हणाली, किती महिने गेले. त्यातलं एकही त्यांच्यापुढे टिकलं नसतं. बिनकारणाचा अंदाज ते धरत नाहीत, आणि मला एकसुद्धा कारण देता येईना.