ढब्बूची पेटी: बेंगळूर ते दिल्ली, व्हाया आनेकल

परवा भाचीचा फोन आला. तिला तिच्या लॅब्राडोरला घेऊन विमानाने जायचं आहे आणि कुठली पेटी घ्यावी हे काही ठरत नाहीये. "मावशी, तू नेलं होतंस ना ढब्बूला?" नेलं होतं बाई. आता पेट्या घरबसल्या मागवता येतात. माझ्या वेळी पेटी मिळवणं हाच मोठा प्रवास होता, विमानाचं प्रकरण त्यामानाने किरकोळ. तेव्हा सगळं एकदाच लिहून टाकते, भाचीसाठी आणि ज्यांच्या घरी असंच अवाढव्य कुत्रं आहे त्या सगळ्यांसाठी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दिल्लीला बदली झाली आणि तो पुढे गेला. माझ्या बँकेने मलाही दिल्लीची शाखा दिली. मागे बेंगळुरात उरलो मी, बांधलेली खोकी आणि ढब्बू. ढब्बू जातीने ग्रेट डेन. जेवणाच्या टेबलावर काय आहे ते त्याला मान वर न करता दिसायचं. आम्ही राहायचो चिकपेटच्या बाजारामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक गणपतअण्णांचं शिंपीकामाचं दुकान. अण्णा साठीचे, एकटे. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की गाव कुठलं ते त्यांनाही सांगता येत नसे, पण घरात मराठीच. आम्ही दोघं नोकरीला गेलो की ढब्बू दिवसभर त्यांच्या शिलाई मशीनला टेकून झोपायचा. गिऱ्हाइकं त्याला ओलांडून माप द्यायला जात.

रेल्वेचा विचार पहिल्याच दिवशी बारगळला. गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्याच्या खणात ढब्बूचं फार तर डोकं मावलं असतं, आणि पहिल्या वर्गातला दोघांचा बंद कप्पा मिळेलच याची खात्री कोणी देईना. त्यात मे महिना आणि दोन रात्रींचा प्रवास. मग विमान. रविवारचं तिकीट काढलं, सोमवारी हजर व्हायचं होतं. हातात बारा दिवस. मिलिंद फोनवर म्हणाला, "नाहीच जमलं तर अण्णांकडे ठेव ना. त्यांचा जीव आहे त्याच्यावर." मी फोन आपटला. ढब्बूला पिल्लू असताना टॉवेलात गुंडाळून मी आणलं होतं. त्याला सोडून जायचं माझ्या मनातही येत नव्हतं.

पहिला मुक्काम: विमानतळाची मालाची शेड. विमानतळ तेव्हा शहरातच होता, रिक्षाने गेलं की झालं. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून नियम सांगितले. हे लिहून घ्या, आजही फारसे वेगळे नसतील. कुत्रा आत उभा राहिला तर डोकं छताला लागता कामा नये. जागच्या जागी वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. वारा तीन बाजूंनी. तळातून थेंब गळता कामा नये. चाकं नकोत. आणि रुंदी बाहेरून तीस इंचांच्या आत. "उंचीचं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "छोट्या विमानाचं पोट बुटकं असतं मॅडम, तिथे तुमचा घोडा जाणारच नाही. रविवारी मोठं विमान आहे, ते चुकवू नका."

दुसरा मुक्काम: चिकपेट. चिकपेटमध्ये लग्नाच्या शालूपासून बिजागरीपर्यंत सगळं मिळतं, तशी कुत्र्याची पेटीही मिळेल असा माझा समज. दोन दिवस पायपीट केली. पोपटाचे पिंजरे मिळाले, कोंबड्यांच्या डालग्या मिळाल्या. एका दुकानदाराने परदेशी प्लॅस्टिकची पेटी दाखवली. अगदी देखणी, पण तिच्यात ढब्बूचे पुढचे दोन पाय गेले असते, मागचे दोन मला मांडीवर घ्यावे लागले असते. शेवटी जाळी, कड्या आणि खिळे तेवढे घेतले आणि पेटी बनवूनच घ्यायची असं ठरवलं. दमल्यावर तिथल्या बोळातला लोण्याचा डोसा खा, दोन रुपये जास्त गेले तरी.

तिसरा मुक्काम: हेब्बाळ. हेब्बाळ तेव्हा गावाबाहेर वाटायचं. तळं, बगळे, रस्त्याला गर्दी म्हणून नाही. रिक्षात ढब्बू बसला सीटवर आणि मी खाली. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ढब्बू प्रवासाला धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र दिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. झोपेचं औषध अजिबात द्यायचं नाही. पेटी हवी त्याहून मोठी करायची नाही, विमान तिरकं झालं की कुत्रा आतल्या आत घरंगळतो. आणि पोचल्यावर दार बंद असलेल्या जागी नेऊनच पेटी उघडायची, बिथरलेलं जनावर कुठेही पळतं.

आता माप. मी टेप घेतली की ढब्बू उताणा व्हायचा, त्याला वाटे खेळ आहे. मग साहजिकच अण्णा. गळ्यातली टेप काढत ते नुसतं "हुं, उभा ऱ्हा" म्हणाले आणि ढब्बू सूट शिवायला आलेल्या नवरदेवासारखा ताठ उभा राहिला. अण्णांनी चिठ्ठीवर माप लिहून दिलं. ती घेऊन मी आनेकलला गेले.

चौथा मुक्काम: आनेकल. मार्केटहून बस. तास-दीड तास लागतो, खिडकीची जागा मिळाली तर छान जातो. दोन्हीकडे नाचणीची शेतं, मध्येच एखादा कारखाना. तिथे मुनियप्पा नावाचा सुतार कारखान्यांच्या यंत्रांसाठी लाकडी खोकी बनवायचा. माझी मागणी ऐकून त्याला आनंद झाला, मशीन कधी शेपूट हलवत नाही म्हणाला. चिठ्ठी त्याने कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोचली आणि बुधवारी टेंपोने पेटी पाठवतो म्हणून कबूल केलं.

बुधवारी टेंपो आला. पेटी पाहून गल्लीतले लोक जमले. पेटी सुरेख होती, रंधा मारलेली, जाळी ठोकलेली. फक्त ती बेचाळीस इंच रुंद होती. ढब्बू आत गेला, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि कोपऱ्यात जाऊन बसला. उरलेल्या जागेत मी आणि माझ्या चार खुर्च्या राहिल्या असत्या.

रविवारला चार दिवस. माझ्या मनात एक घाणेरडा विचार आला. माप घेणारा कोण? ज्याला कुत्रा इथेच राहिला तर हवा आहे तो. मी दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुम्हाला ढब्बू हवा होता तर सरळ मागायचं होतं. चुकीचं माप कशाला दिलंत?"

मशीन थांबलं. अण्णांनी टेप घेतली, ढब्बूला उभं केलं आणि माझ्याकडून टेपचं दुसरं टोक धरून घेतलं. "छाती बघा अक्का. किती?"

टेप छातीभोवती फिरून परत आली. अडतीस.

"मी अडतीसच लिहिलो की. चूक कुठं झाली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिंप्याची छाती म्हणजे घेर. शर्टाला उंची असते, छाती असते, गळा असतो. रुंदी कुठे असते? अण्णांनी चाळीस वर्षांत रुंदी नावाचं माप घेतलंच नव्हतं. मुनियप्पाला रुंदी हवी होती, त्याने छातीचा आकडा उचलला आणि वर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सैल सोडलं. गळ्याचा चोवीस आकडा त्याने बहुधा वजन समजून सोडून दिला असावा. आणि तीस इंचांची अट त्याला सांगायची मीच विसरले होते.

मला तोंड वर करवेना. "अण्णा, मी फार वाईट बोलले. मला माफ करा," असं म्हणताना रडूच आलं.

"साकु, साकु. पुरे," अण्णा म्हणाले. टेप गळ्यात टाकली. मग ढब्बूच्या पाठीवर हात ठेवून, "पर मनात आल्तं की अक्का. न्हाई म्हटलो तर खोटं होतंय. हा हितंच ऱ्हावा म्हणून आल्तं. पर टेप धरल्यावर आमी मनाला विचारत न्हाई."



पुन्हा आनेकल. गुरुवारी अण्णांनी दुकान बंद ठेवलं. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच. सकाळी त्यांनी खाकी कागद जमिनीवर पसरून त्यावर ढब्बूला झोपवलं आणि खडूने भोवती रेघ मारली, बेतायला कापड घेतात तसं. मग उभ्या ढब्बूचा एक कागद बाजूने, एक समोरून. तीन ढब्बू कात्रीने कापून घडी घातली. बसमध्ये घडी उलगडली आणि कंडक्टरने कागदी कुत्र्याचं तिकीट मागितलं. अण्णांनी गंभीरपणे विचारलं, "अर्धं चालेल का?" सबंध बस हसली, आणि आदल्या दिवशीपासून पहिल्यांदा मीही हसले.

मुनियप्पाची आणि अण्णांची अर्धा तास कन्नडमध्ये जुंपली. अधूनमधून मुनियप्पा माझ्याकडे वळून हिंदीत दाद मागायचा, "मेडम, चिट में चौडाई किदर है? छाती लिखा, मैं वोइच डाला!" शेवटी दोघांनी कागदी ढब्बू भिंतीला टेकवला आणि पेटी त्याच्याभोवती नव्याने बेतली. आतून अठ्ठावीस रुंद, फळ्या धरून बाहेरून साडेएकोणतीस. शुक्रवारी दुपारी ती गल्लीत आली. खर्च विचाराल तर आमच्या दिवाणापेक्षा महाग पडली, पण दिवाणाला कोणी दोनदा बेतलं नव्हतं.

एक सूचना इथेच देते. कुत्र्याला पेटीची सवय निदान आठवडाभर आधी लावा. आम्हाला मिळाले दोन दिवस. ढब्बू या अरुंद पेटीकडे बघून मागे सरकायचा. मी बिस्किटं टाकली, लाडीगोडी केली, ओरडले. शेवटी अण्णा धोतर सावरत स्वतःच आत शिरले, मांडी घालून बसले आणि खिशातून कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, काढून कुडुमकुडुम खायला लागले. पाच मिनिटांत ढब्बू आत. दोघांचे चेहरे जाळीतून बाहेर बघत होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत ढब्बू त्यात घोरत होता, अण्णा बाहेरच्या बाजूला स्टुलावर बसून काजं करत होते.

रविवार. कारकुनाने टेप लावली. रुंदी बरोबर. "वळवून दाखवा." ढब्बू वळला. "झोपवून दाखवा." मी काही म्हणायच्या आत अण्णांनी "हुं" केलं आणि तो पाय पसरून झोपला. कारकुनाने चष्मा डोळ्यांवर आणून पेटीभोवती एक फेरी मारली. "कोणी बनवली?" मी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी मान हलवून आनेकलच्या दिशेला बोट दाखवलं.

पेटी विमानाकडे नेणारा गाडा येईपर्यंत ढब्बू तोंड मागच्या जाळीकडे करून होता, कारण अण्णा त्या बाजूला उभे होते. ते त्याच्याशी काहीतरी बोलत होते, मराठी आणि कन्नड मिसळून, मला ऐकू येऊ नये इतक्या हळू. गाडा हलला तसे ते पेटीच्या मागे मागे चालत गेले, लोकांना पलीकडे सोडत नाहीत त्या दोरीपर्यंत. मग परत येऊन म्हणाले, "सरी अक्का, बरं. जावा आता. तुमचं विमान."

विमानात मला एक घास गेला नाही. विमान जरा तिरकं झालं की पायाखालच्या फळीत जीव अडकायचा. दिल्लीला शेडमध्ये पेटी आली ती सुलटी, कोरडी, आणि आतून शेपटीचा धप्‌धप् आवाज. मी तिथेच खाली बसले. मिलिंदने मला उठवलं, टेंपो केला.

आता भाचीसाठी निष्कर्ष. पेटी बेताची घे, मोठी नको. माप तीन बाजूंनी घे आणि घेर म्हणजे रुंदी समजू नकोस. औषध देऊ नकोस. ढब्बू दिल्लीत आणखी पाच वर्षं जगला, सुखात जगला, मी त्याला काही कमी पडू दिलं नाही. त्याला नेलं याचा मला पस्तावा नाही, त्याच्यावाचून मला राहवलं नसतं. पण बेंगळूर सोडताना अण्णांना "ठेवता का?" असं मी एकदाही विचारलं नाही, तेही खरं. ते हो म्हणाले असते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं दिल्लीच्या घरी अंगणाचं फाटक आधी लावलं आणि मग पेटीची कडी काढली. ढब्बू बाहेर आला. माझा हात हुंगला, मिलिंदच्या अंगावर उडी मारून त्याला जवळजवळ पाडलंच. आणि मग तो आम्हाला सोडून पेटीच्या मागे गेला. मागची जाळी हुंगली, पलीकडे पाहिलं, वळसा घालून आला आणि पुन्हा मागे गेला. असं तीनदा.

"काय शोधतोय हा?" मिलिंदने विचारलं.

"पाणी," मी म्हणाले.

मिलिंद बादली भरून घेऊन आला. ढब्बूने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.