पत्रूनं झाडलेला मोह

पत्रू म्हणजे आमच्या गावातला एक नंबरचा आळशी, असं मी चारचौघांत सांगत असे. आलापल्लीच्या रानात साग तोडायला जायचा. चार दिवस काम, आठ दिवस आराम. छप्पन सालच्या फागुनात तोच पत्रू दारातल्या मोहाखालचा पाला खराट्यानं झाडताना दिसला, तेव्हा मला हसूच आलं. फुलं गळायच्या आधी मोहाखाली काडी लावायची, पाला जळला की स्वच्छ जमिनीवर फुलं वेचायची, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात.

त्याची नऊ वर्षांची पोरगी सुकरी तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणावर होती. चांद्याच्या दवाखान्यातून तिला परत आणलं होतं. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे, म्हणून पत्रू आणि त्याची बायको कलाबाई आळीपाळीनं तिच्या मागे बसत, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून. हे मी रस्त्यावरूनच पाहत असे. रोग लागेल या भीतीनं अख्ख्या गावानं ते दार टाळलं होतं, आणि टाळणाऱ्यांत मी पहिला.

या टाळण्याची मला लाज वाटत होती. एका सकाळी पत्रू आत पोरीला टेकू देऊन बसलेला दिसला. म्हटलं, आत जायची हिंमत नाही, निदान त्याचं काम तरी हलकं करावं. मी त्याच्या मोहाखाली काडी लावली.

धूर सरळ घरात शिरला. पत्रू पोरीला उचलून नाल्याकडे पळाला. कलाबाई ओल्या पोत्यानं आग बडवत माझ्यावर ओरडली, "भाऊ, तिले धूर चालत नाई! डाक्टरनं सांगतलं, औषध सरलं, आता धुरापासून जपा. मी चूलबी घराबाहेर नेली. एक डाव विचाराले तरी यायचं होतं!"

तिसऱ्या दिवशी सुकरी बापाच्या छातीला टेकूनच गेली. ती जाणारच होती, असं सगळ्यांनी मला समजावलं. असेलही. पण ते शेवटचे तीन दिवस तिनं खोकण्यात काढले, ते माझ्यामुळे.

पुढच्या फागुनात मी खराटा घेऊन त्यांच्या मोहाखाली गेलो. अर्धं अंगण झाडून होईपर्यंत पत्रू ओट्यावरून बघत होता. मग उठून जवळ आला.

"राहू द्या, भाऊ. जाळून टाकू. आता घरी कोनी खोकत नाई."

त्यानं स्वतः काडी ओढली. पाला पेटला, धूर घराकडे वळला. मागं परसात काम करणारी कलाबाई हातातलं टाकून धावत आली आणि तिनं घाईघाईनं घराचं दार ओढून घेतलं.

मग आत कोणीच नाही हे तिला आठवलं. कडी तशीच धरून ती धुरात उभी राहिली.