वामनकाकांचा पासवर्ड

नऊ वर्षं झाली, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — आज का, ते मलाही नीट माहीत नाही.

मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचे. वामनकाका रिपोर्टच्या काउंटरवर. मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. काउंटरवर त्यांचा फार जीव. उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्यांना आधी खुर्ची द्यायची, पंखा लावायचा, चार शब्द बोलायचे, आणि मग स्वतः कॉम्प्युटरपाशी बसायचं. म्हणून लॉगिन करणारे ते रोज शेवटचे. डब्यातलं अर्धं घावन मला द्यायचेच, नको म्हटलं तरी. माझाही त्यांच्यावर जीव होता — मग मी अशी कशी वागले?

थोडं कामाचं सांगते. सगळे रिपोर्ट आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर असतात. बाहेरचे कॉम्प्युटर फक्त त्याला विचारतात. विचारायला जोडणी लागते, आणि सर्व्हर एका वेळी ठरावीकच जोडण्या देतो. काम झालं की जोडणी सोडायची असते. मी नवा प्रोग्रॅम लिहिला होता. तो जोडण्या घ्यायचा, सोडायचाच नाही. रोज सकाळी सर्व्हर नव्याने सुरू केला की तासाभरात भरायचा. आधी आलेले आत, शेवटी येणारा बाहेर.

बरं, निदान तसं स्क्रीनवर दिसलं असतं तर? पण मी आळस केला होता. अडचण कुठलीही असो, माझा प्रोग्रॅम एकच ओळ दाखवायचा — पासवर्ड चुकीचा आहे.

महिनाभर काका रोज ती ओळ वाचत होते. मीही म्हणायचे, "काका, सावकाश टाका ना." घरी नातीच्या वहीत ते पासवर्ड गिरवत बसायचे. शेवटी स्वतःच साहेबांकडे गेले आणि मागच्या खोलीत, नमुन्यांच्या बाटल्यांना लेबलं लावायचं काम मागून घेतलं. मला म्हणाले, "माझोच हात चुकता गो. वय झाला."

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मला माझी चूक सापडली. एका ओळीचं काम. गुपचूप करून टाकलं.

शनिवार काकांचा काउंटरवरचा शेवटचा दिवस. पासवर्ड पहिल्याच फटक्यात लागला. केवढे खूश झाले. "बघ, जाता जाता बसलो हात."

तेव्हा सांगता आलं असतं. साहेब चार पावलांवर उभे होते. नोकरी जाणार नव्हती — फार तर बोलणी बसली असती. मी म्हणाले, "शाब्बास, काका."

सोमवारी ते मागच्या खोलीत गेले आणि दोन वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. अजून दर चतुर्थीला फोन करतात, माझ्या मुलीचं नाव घेऊन विचारपूस करतात. नंबर मात्र नात लावून देते. आपला हात चुकेल म्हणून ते स्वतः बटणाला हात लावत नाहीत.

त्यांचा हात एकदाही चुकला नव्हता. आणि मला ते माहीत होतं.