कलाकाराचं नाव

माझ्या धाकट्या भावाच्या तेराव्याला, जेवणं आटोपल्यावर, ऑर्केस्ट्राच्या शेठजींनी सोसायटीच्या हॉलमध्ये त्याची सीडी लावली. केबिन रोडवर शेठजींचं स्पीकर आणि माइक भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्याच्याच जोडीला त्यांचा ऑर्केस्ट्रा चालायचा, आणि माझा भाऊ दिवसा विम्याच्या ऑफिसात नोकरी करून वीस वर्षं त्यात गायला. गाणं सुरू झालं तसं कुणीतरी म्हणालं, "डोळे मिटून ऐका. तेच गातायत असं वाटतं." 'ते' म्हणजे मूळ गाणं गायलेले मोठे गायक. लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या एका बाईंनी डोळे पुसले. मी भिंतीला टेकून बसले होते. भावाला जाऊन तेरा दिवस झाले होते आणि त्याच्या आवाजातसुद्धा त्याला कुणी ओळखत नव्हतं.

त्या गायकांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की वाचणाऱ्याच्या कानात त्यांचाच आवाज सुरू होईल. माझ्या भावाच्या बाबतीत आयुष्यभर तेच झालं. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर 'व्हॉइस ऑफ' असं छापून पुढे त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं, आणि खाली जागा उरली तर माझ्या भावाचं. निवेदक त्याला त्याच नावानं स्टेजवर बोलवायचा. टाळ्या पडायच्या त्या नावाला पडायच्या.

सीडीवर सहा जुनी मराठी भावगीतं होती. जाण्याच्या आदल्या वर्षी त्यानं ऑर्केस्ट्रातल्याच तबला आणि कीबोर्डवाल्यांना घेऊन, हौसेनं, स्वतःसाठी गायलेली. शेठजींनी वहिनीला सुचवलं की ही गाणी इंटरनेटवरच्या दुकानांत ठेवू. दोन हजार आठ-नऊचा काळ होता. परदेशातली मराठी माणसं एकेक गाणं विकत घेऊन उतरवून घेतात, असं तेव्हा नव्यानं कळत होतं. अंधेरीतली एक एजन्सी अशी गाणी त्या दुकानांत चढवून द्यायची. वहिनीला कल्पना आवडली. परवानगीची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात लिहिणारी मीच.

मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. कायद्याचं पुस्तक आणून वाचायला मला महिना लागला. मला समजलं ते असं: गाण्याचे शब्द आणि चाल ज्यांची आहे त्यांची परवानगी घ्यायची, प्रत्येक विक्रीमागे त्यांचा वाटा द्यायचा, पण ते गाणं तुम्ही नव्यानं गाऊन ध्वनिमुद्रित केलंत, तर ते ध्वनिमुद्रण तुमचं. एवढं एक वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मुद्रितात मी रेघ मारते ती चुकीखाली.

हक्क असलेल्या कंपनीला तीन पत्रं गेली. चौथ्या महिन्यात उत्तर आलं. सहापैकी पाच गाण्यांना परवानगी होती. अट अशी, की शब्द आणि चाल बदलायची नाही, गाणं नव्यानं गायलेलं आहे हे स्पष्ट लिहायचं, आणि मूळ गायकांचं नाव किंवा फोटो वेष्टणावर कुठंही वापरायचा नाही.

शेठजींनी ते पत्र वाचलंच नसावं. एजन्सीचा फॉर्म त्यांनी भरला आणि 'कलाकार' या चौकटीत सवयीनं लिहिलं: व्हॉइस ऑफ, आणि पुढे ते नाव. आठवड्याभरात फॉर्म परत आला. एजन्सीनं कळवलं होतं की कलाकार म्हणून ज्यानं गायलं त्याचंच नाव चालेल, दुसऱ्याचं नाव दिसलं तर दुकानं गाणं काढून टाकतात.

ते पत्र मी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. वीस वर्षांत कुणाला न सुचलेली गोष्ट एका परक्या फॉर्मनं विचारली होती: गायलं कुणी?

शेठजी मात्र संकट कोसळल्यासारखे वहिनीच्या घरी आले. त्यांच्याकडे तोड तयार होती. कलाकाराच्या चौकटीत नाही ना चालत, मग गाण्याच्या नावापुढे कंसात टाकू, 'अमक्यांच्या शैलीत'. शोधणाऱ्याला मोठं नाव तरी सापडेल. मी म्हटलं, कंपनीच्या अटीत ते बसत नाही, आणि बसलं असतं तरी मला चाललं नसतं. शेठजी हसले. "मॅडम, आप किताबवाले लोग. उसका नाम कौन जानता है?"

"नाव कधी लिहिलंतच नाही, तर जाणणार कोण?" मी मराठीतच म्हटलं.

वाद माझ्या बाजूनं सरळ नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. वहिनीनं कपाटातून त्याची व्हिजिटिंग कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. त्यानं स्वतः छापून घेतलेली. त्यावर 'व्हॉइस ऑफ' होतंच, सोनेरी शाईत. वहिनी म्हणाली, "ताई, ह्यांना त्याचा अभिमान होता. आपण कोण बदलणार?"

अभिमान त्याला होता हे खरं. स्टेजवरून उतरल्यावर कुणी 'अगदी तसंच' म्हटलं की तो लाजायचा, तेही मी पाहिलं होतं. पण मेलेल्या माणसाच्या प्रत्येक म्हणण्याला मान तुकवलीच पाहिजे असं मला वाटत नाही. जिवंतपणी मी त्याचं कुठं ऐकत होते? थोरली बहीण म्हणून मला त्याच्याशी भांडायचा हक्क होता, आणि तो तेराव्याला संपला असं कुणी मला सांगितलेलं नाही.

सही वहिनीचीच लागणार होती, वारस ती. तिला पटलं नाही तर माझ्या वहीतल्या वाक्याला काही किंमत नव्हती. म्हणून मी मला येतं ते काम केलं. मूळ प्रत शेजारी ठेवून मुद्रित वाचतात, तसं एक कान मूळ गाण्याला आणि एक कान भावाच्या गाण्याला लावून, ओळ ओळ थांबवत ऐकलं. जिथं फरक दिसला तिथं पेन्सिलीनं टीप केली. मोठे गायक जिथं एका श्वासात दोन ओळी नेतात तिथं हा मध्ये श्वास घेतो. ते गळ्यातून नाजूक हरकत घेतात तिथं हा सरळ खाली येतो. 'च'चा उच्चार आमच्या रत्नागिरीकडचा. पाच गाण्यांत सतरा जागा निघाल्या. जन्मभर अशा जागा दुरुस्त करून मी पोट भरलं. या सतरांतल्या एकीलाही मी हात लावणार नव्हते.

रविवारी सकाळी मी यादी घेऊन वहिनीकडे गेले. शेठजीही सहीसाठी आले होते. मी सीडी लावली आणि एकेक जागा दाखवत गेले. वहिनी भाजी निवडत ऐकत होती. शेठजींनी मध्येच सांगितलं की तो श्वास स्टुडिओत साफ करता येईल, दहा मिनिटांचं काम. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात मी लिहिलं होतं: 'स्वर किंचित सैल.' ती जागा आली आणि वहिनीचा हात थांबला.

"ताई, मागे घ्या जरा."

मी मागे घेतलं. तिनं पुन्हा ऐकलं.

"हे सैल नाहीये. हसतायत इथं. तबलेवाल्यानं काहीतरी केलं असणार. गाताना हसू आलं की ह्यांचं असंच व्हायचं."

मी यादीतलं ते वाक्य खोडलं. माझी चूक होती.

वहिनी हात पुसून उठली, फॉर्म पुढ्यात ओढला आणि कलाकाराच्या चौकटीत तिच्या गोल अक्षरात नवऱ्याचं नाव लिहिलं. फक्त तेवढंच. शेठजी हळूच म्हणाले, "भाभी, एक भी नहीं बिकेगा."

"नहीं बिका तो नहीं बिका," वहिनी म्हणाली. "जो बिकेगा, वो इनका बिकेगा."

आणि श्वास तसाच ठेवायचा, हेही तिनंच बजावलं. शेठजी चहा न घेता गेले. पुढे वर्षभर त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गाणी दुकानांत लागल्याचं कळलं तेव्हा आमच्याकडे घरी इंटरनेट नव्हतं. मी आणि वहिनी नया नगरच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या माणसाला मी दुकानाचं नाव आणि गाण्याची पहिली ओळ सांगितली. ओळ ऐकताच तो ओळखीचं हसला आणि मला न विचारता गायक म्हणून त्या मोठ्यांचं नाव टाइप करायला लागला.

"ते नाही," मी म्हटलं. "पुसा ते."

त्यानं पुसलं. रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. "फिर कौन?" त्यानं विचारलं. कॅफेत माणसं होती, आणि मला चारचौघांत मोठ्यानं बोलायची सवय नाही. तरी मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या भावाचं नाव एकेक अक्षर फोडून सांगितलं, आणि मग आडनाव.